पाळीखालचं गाव

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. उमरावमामाजींना रुचिकाचा नमस्कार. आपल्या घरात मामा भाचीला पाया पडू देत नाही, म्हणून कागदावरून पडते. इथे तुम्हाला पाय मागे ओढता येणार नाही, आणि ऑपरेशन झालेला गुडघा तर नाहीच नाही.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ यापलीकडे काही सांगत नाही. चाळीस वर्षं गावच्या पोस्टात दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता स्वतःला चार पत्रं यावीत असं तुम्हीच म्हणाला होतात. हे पहिलं घ्या. लेका-सुनेकडे कुडव्याला दोन महिने काढायचे म्हणजे तुम्ही हिमांशुदादाला आणि रीतावहिनींना कामाला लावणार, हे मला दिसतंच आहे. म्हणून तुमच्यासाठीच एक काम पाठवते.

आमच्या कंपनीनं ‘काळं खोरं’ नावाचा व्हिडिओ गेम बनवला आहे. परक्या फौजेनं एक देश बळकावलाय आणि खेळणारा हा लपून लढणाऱ्या टोळीतला एक. त्यानं त्या खोऱ्यात हवं तिथे भटकावं, छपरांवर चढावं, रेल्वे उडवावी. बाजारात येण्याआधी आम्हा प्रत्येकाला सांगितलंय की कधी खेळ न खेळणारं एक घर शोधा, खेळायला लावा आणि पाचपैकी गुण लिहून आणा. मी तुमचं घर निवडलं. दादाच्या कॉम्प्युटरवर खेळ घातलेला आहे. त्यातली तलावाची मोहीम तेवढी लक्ष देऊन बघा. पाणी अडवणारी पाळ सुरुंगानं फोडायची आणि खालचा लष्करी तळ वाहून न्यायचा. ती सगळी मी एकटीनं केली आहे.

कळावे. लोभ असावा, आणि खरं मत असावं.

तुमची,
रुचिका

कुडवा, २४ जानेवारी २०२५

चि. रुचिका हिला मामाचे दोन्ही हातांनी आशीर्वाद. काठी भिंतीला टेकवून लिहितो आहे. वि. वि. गुडघा सुधारतो आहे. डॉक्टर म्हणतात चाला, रीता म्हणते बसा. मी दोघांचंही अर्धं ऐकतो.

घराचं मत असं. रीता कुकर लावून खेळायला बसली आणि तिसऱ्या शिट्टीच्या आत तुझी पाळ उडवून मोकळी झाली. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. तिचे पाच गुण. हिमांशुचे चार, कारण त्याच्या मते शत्रूचे पहारेकरी बहिरे आहेत. त्याचा मित्र ओमेश दुकान बंद करून येतो. तो लढतच नाही. फौजेची मोटारसायकल पळवतो, खोरंभर फिरतो आणि एकदम मस्त गेम है मामाजी असं सांगून घरी जातो. त्याचे साडेचार धर.

आता माझं. दोन मुठींचं ते यंत्र हातात बसायला आठ दिवस लागले. माझा माणूस भिंतीला नाक लावून चालत राहायचा. एकदाचा तलावावर पोचलो, पाळ बघितली आणि घरी गेल्यासारखं वाटलं. पण उजव्या अंगाला ओल दिसली. पाळीला ओल दिसल्यावर कोणी पुढे जातं का? पहारेकऱ्याचं लक्ष उडवायला फेकायचे म्हणून तू जे दगड ठेवले आहेस, ते वेचून मी चार दिवस त्या ओलीवर रचले. दोनदा गोळी लागून मेलो. परत आलो, परत रचले. शेवटी हिमांशुनं सांगितलं की ती ओल नाही, चित्रातला रंग आहे. आपण कोहळी माणसं, सात पिढ्या तलाव बांधत आलो. आपल्याला तो रंग ओलच दिसणार.

मग मला तुडूम सापडलं. पाणी सोडायचं ते दगडी तोंड, तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून बघायचीस तेच, खुंटीसकट. मी ते उघडलं. खेळातले तीन दिवस पाणी पाटानं शेतात जात राहिलं आणि फौजेचे सगळे ट्रक चिखलात रुतले. बंदुका खाली ठेवून सैनिक ट्रक ढकलत बसले. मी इतका हसलो की रीता धावत आली. पण खेळ म्हणतो, मोहीम अपूर्ण. पाळ फोडाच.

मी फोडणार नाही. पाळीखाली धानाची शेतं आहेत, पाट आहेत, बांध आहेत. मग ती कसणारी माणसं कुठे आहेत? तलाव बांधला कोणी? खालच्या अंगाला एक घर दिसलं नाही मला. माझा एक गुण. फॉर्म हिमांशुकडे आहे, सवड मिळाली की भरेल.

लोभ आहे, तो पाचपैकी मोजू नये.

तुझा,
उमरावमामा

पुणे, २ फेब्रुवारी २०२५

ती. मामाजींना सा. न.

पत्र वाचून आधी हसले. दगडांचा किस्सा ऑफिसात सगळ्यांना सांगितला. तुडूम मी नुसतं शोभेला ठेवलं होतं, पण न उघडणारं तुडूम माझ्याच्यानं करवेना. त्याचं पाणी ट्रक रुतवील हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

पण मामाजी, तो एक गुण. आमच्याकडे अशी मोजकीच घरं आहेत आणि प्रत्येक माणसाच्या गुणाला वजन आहे. माझी मोहीम आत्ता अगदी काठावर आहे. तुमचा एक आला की ती काठाखाली जाते, आणि काठाखालची मोहीम खेळातून काढतात. मला कंपनीनं सहा महिन्यांसाठी घेतलं आहे. ३१ मार्चला कायम करायचं की नाही ते ठरेल. जिची एकुलती एक मोहीम काढली त्या मुलीला कोण ठेवणार? पाळीखाली कोणी राहत नाही. खेळ आहे तो, त्यात कोणाला राहायची गरजही नाही.

लिहू नये ते लिहिते. १९९४ साली आईनं डी.एड.चा अर्ज एक दिवस उशिरा तुमच्या पोस्टात आणला. आदल्या तारखेचा शिक्का मारा म्हणून तिनं हात जोडले आणि तुम्ही मारला नाही. आई मास्तरीण झाली नाही ती नाहीच. तुमच्या शिक्क्यापुढे सख्खी बहीण लहान होती, तिथे भाचीचं काय? तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

तब्येत जपा.

रुचिका

कुडवा, ९ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिका हिला आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. फॉर्म हिमांशुकडून भरून पाठवला आहे. तलावाच्या मोहिमेला माझे पाच गुण दिले. मताच्या रकान्यात ‘फार छान, पाळ फोडताना मजा येते’ असं लिहायला सांगितलं. फोडली रीतानं, माझ्या नावावर धरली इतकंच.

गुडघा ठीक. थंडी ओसरली. लोभ होता तसाच आहे, त्याची काळजी करू नये.

उमरावमामा

अर्जुनी मोरगाव, १६ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिकास आईचा आशीर्वाद.

फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून मीही आज कागद घेतला. काल कुडव्याला तुझ्या मामाला बघायला गेले होते. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलेला. रीता म्हणाली की आठ दिवस झाले, मामाजींनी खेळाला हात लावला नाही, बोलतही नाहीत धड. मग तिनं मला पाच गुणांचं सगळं सांगितलं. तुझं पत्रही उमरावदादाच्या उशीखाली होतं. ते मी वाचलं, रागवायचं तर रागव.

मी दादाला विचारलं की काऊन केलं असं. त्यानं आधी उशी सारखी केली. मग म्हणाला, “एकदा खरी तारीख मारली तं बहिणीचं नुकसान झालं. आता पुन्हा खरी माराची हिंमत नाही होऊन राहिली.”

बाई, त्या शिक्क्याचा मला फार राग आला होता. दोन वर्षं मी राखी हातानं बांधली नाही, पोस्टानं पाठवली, म्हणजे त्यालाच तिच्यावर शिक्का मारावा लागेल. पण गावातल्या माणसाची कोर्टाची तारीख असो की नोकरीचा अर्ज असो, उमरावच्या पोस्टातून गेला म्हणजे त्यावर कोणी बोट ठेवत नव्हतं. मला राग आला, पण त्याची लाज कधी वाटली नाही. काल पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती त्याची नव्हती. माझं दुःख मी उगाळत नाही, तर तू ते काढून त्याच्या अंगावर कायले फेकलंस?

आणि एक विचारते. पाळीखाली खरंच कोणी राहत नाही का? तू खोटं बोलतेस तेव्हा पत्रातसुद्धा तुझं वाक्य आखूड होतं.

जेवत जा वेळेवर.

आई

पुणे, १ मार्च २०२५

ती. मामाजींना,

नमस्कार लिहायचं धाडस होत नाही, तरी लिहिते.

तुमचे पाच गुण मी परत घेतले. अल्का मॅडम, ज्यांच्या हाताखाली मी काम करते, त्यांना सांगितलं की हे गुण माझ्या दडपणानं दिलेले आहेत, खरा गुण एक आहे. मग जे तुम्हाला सांगितलं नाही तेही सांगितलं.

पाळीखाली गाव होतं, मामाजी. बावीस घरं. मीच बसवली होती. घरापुढे धानाच्या कोठ्या होत्या, एक विहीर होती. पण पाळ फोडली की ती बावीस घरं वाहून जायची आणि त्यातली माणसंही. पहिल्यांदा खेळलेल्या लोकांना ते बघवेना आणि ते गुण कमी द्यायला लागले. बैठकीत कोणीतरी विचारलं काय करायचं, तर मीच हात वर केला आणि म्हटलं की गाव काढून टाकते. एका दुपारचं काम होतं. शेतं आणि पाट मात्र काढायचे राहून गेले. कुणाच्याच ध्यानात आलं नाही, एक तुम्ही सोडून.

मॅडमनी तुमचं २४ जानेवारीचं पत्र मागितलं. मी ते बैठकीत वाचून दाखवलं. ट्रक रुतल्याचं ऐकून दोघं उठले आणि तिथेच तुडूम उघडून बसले. हसणं थांबल्यावर मॅडम म्हणाल्या की गाव परत बसव, लोक वाचवायची वाट दे, ३१ मार्चपर्यंत वेळ आहे. जमलं नाही तर मोहीमही जाईल आणि तूही. मला ते न्यायाचं वाटलं.

आईच्या अर्जाबद्दल जे लिहिलं ते माझ्या तोंडी शोभणारं नव्हतं. मला माफ करा. रात्री झोपताना तेच आठवतं.

लोभ आता माझ्या कमाईचा नाही. तुम्ही द्याल तेवढा घेईन.

रुचिका

मु. पो. आपलं गाव, ६ एप्रिल २०२५

चि. रुचिका हिला मामाचे आशीर्वाद, या खेपेला काठीशिवाय.

गावी परत आलो. हिमांशु कॉम्प्युटर इथे घेऊन आला, मागोमाग तुझी आई पुष्पांजली आली. तुला कायम केल्याचं तिनंच सांगितलं. तुझा नवा खेळ ३१ मार्चच्या चार दिवस आधीच घरात आला होता, पण मी फॉर्म मुद्दाम अडवून ठेवला. तुझी नोकरी ठरली, आता माझ्या गुणाला वजन नाही. त्यामुळे हात मोकळा झाला.

पाळीखालचं गाव बघितलं. बावीसही दारांवर गेलो. आधी तुडूम उघडलं. ट्रक रुतले की एक दिवस जास्तीचा मिळतो, हे तू चांगलं केलंस. त्या दिवसात एकेका घराला सांगून टेकडीवर नेलं. एक बाई कोंबड्या धरल्याशिवाय निघेना. कोंबड्या मलाच धराव्या लागल्या आणि त्यात अर्धा तास गेला. एकवीस घरं रिकामी झाली. बाविसावं घर पोस्टाचं. आतला म्हातारा हलायला तयार नाही. म्हणतो, डाकेची थैली चारला जाते, चारच्या आधी मी उठत नाही. चिखलातून सुटून फौज पाचला येणार, त्याआधी पाळ फोडायची. पुष्पांजली मागे बसून बघत होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी त्याच्याशी वाद घातला नाही. चारपर्यंत त्याच्या ओसरीवर बसून राहिलो. थैली गेली, त्यानं कुलूप लावलं, मग आम्ही दोघं टेकडी चढलो.

आणि मग पाळ मी फोडली. माझ्या हातानं. गाव रिकामं होतं, तरी मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. पडद्यावर मोहीम पूर्ण असं आलं. मी बंद केलं नाही. थोड्या वेळानं टेकडीवरून माणसं टोपल्या घेऊन उतरायला लागली आणि पाळ पुन्हा रचायला लागली. ते दगड तू आता फेकण्यासाठी ठेवलेले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. मीही एक उचलला.

गुण चार. एक कापला, कारण तुझ्या डाकपालाच्या टेबलावर शाईचं पॅड नाही.

फॉर्म यावेळी पुष्पांजलीनं भरला, तिचं अक्षर आजही मास्तरणीसारखं आहे. शेवटी तारखेचा रकाना आला. फॉर्मची मुदत ३१ मार्च होती. लेखणी तशीच धरून तिनं माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसायला घेतला. तिनं खाली मान घातली आणि आजची तारीख लिहिली.

लोभ आहे. तो उशिरा पोचला तरी घ्यावा.

तुझा,
उमरावमामा