मागच्या सीटवर बसून ये

बुऱ्हाणपूर,
३ ऑगस्ट २०१९

प्रिय गजादादा,

सा. न. वि. वि. इकडे सगळे मजेत. सासूबाईंचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तसा कुरकुरतो आहे. वंदना दुसरीत गेल्यापासून माझ्या हिंदीच्या चुका काढते. तिच्या हनुवटीची जखमही भरत आली. केळी गोड निघाली, कुसुमवहिनीला सांग.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर बसचा विषय काढला की तुला नेमकं कुणीतरी शेतातून हाक मारतं. पत्राला मधेच ‘नंतर बोलतो’ म्हणता येत नाही.

शाळेच्या सभेत तू माझं हसं केलंस. मी एवढंच म्हटलं होतं, की बसमध्ये मुलांना सीट बेल्ट हवेत. तू बसचा मालक म्हणून उठलास. “आम्ही ट्रॅक्टरवर उभं राहून शाळेत गेलो, आम्हाले काय झालं?” सगळे हसले. कडूकाका म्हणाले, “बस नाल्यात गेली तं एवढ्या पोरांचे पट्टे कोण खोलीन?” त्यांचा प्रश्न निदान खरा होता. बसमध्ये एक बाई ठेवू, मुलांना पट्टा उघडायला शिकवू, असं मी सांगणार होते. पण मला बोलू कोण देतंय.

मग तू विचारलंस, “आजपर्यंत एका तरी पोराले लागलं काय? सांगा.”

मी खाली बसले. तुला वाटलं, हरली.

वंदना ओट्यावरून पडली असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे. असीरगढ रस्त्यावर तुझ्या बससमोर म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हर यादवने ब्रेक मारला. दोघांच्या सीटवर तिसरी म्हणून कडेला बसलेली वंदना पुढच्या लोखंडी दांड्यावर आपटली. टाके घालावे लागले. यादवच तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला, गाडी तो कधीच जोरात चालवत नाही. मीच त्याला गप्प बसवलं. सासरी कळलं असतं तर ‘तुझ्या भावाची बस’ हे वर्षभर ऐकावं लागलं असतं. तुझं नाव राखायला मी सात वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला शिकवलं, आणि तू भरसभेत माझ्याकडे बघून हसत होतास. चीड येते दादा, फार येते.

आणखी एक. मागच्या रविवारी जैनाबादला आले, तेव्हा तुझ्या अंगणात पिकअपमध्ये केळीचे घड भरणं चाललं होतं. घडाखाली पाला, दोन घडांमध्ये पाला, आणि डाग पडला तर व्यापारी घेत नाही म्हणून तू माणसांवर ओरडत होतास. वरून राखाडी पट्टे घट्ट आवळलेले होते. त्यांची बकलं बघून मी चहा अर्धाच टाकून उठले. वहिनीला वाटलं, साखर कमी झाली.

यादवला खोदून विचारलं. तो म्हणाला, “ताई, इंदूरहून जुनी बस आणली तवा पट्टे होते. मालकानंच काढाले लावले. पट्टे लावले तं एका सीटवर तीन पोरं बसत नव्हते ना.”

केळी कशी न्यायची ते तुला कळतं. वंदना तुझी भाची आहे, आणि तिच्या हनुवटीवरची खूण आता जायची नाही. सोमवारी ती पुन्हा त्याच बसमध्ये चढेल. हे बदलीच्या गावी आहेत, मला सकाळी ऑफिस गाठायचं असतं, दुसरी सोय नाही.

यंदा राखी पंधरा ऑगस्टलाच आली आहे. झेंडावंदनासाठी बस निघेलच. मोटारसायकल घरी ठेव आणि बसने ये. मागच्या सीटवर दोन मुलांच्या शेजारी तिसरा बस. दांडा धरायचा नाही, वंदनाचा हात तिथवर पोचत नाही. शाळेपर्यंत जा आणि तसाच बसून परत ये. मी ताट घेऊन दारात उभी राहीन. ओवाळणीत साडी नको. ते पट्टे घडांवरून सोड आणि जिथून काढलेस तिथे लाव.

बसने आला नाहीस, तर ताट आत नेईन.

वंदनाची आई,
आणि अजून तरी तुझी बहीण,
कोकिळा