कमळा, लाडांची माय आणि ऐंशी मेंढरं

तीर्थस्वरूप मामांस,

म्हसवडहून तुमच्या भाचीचा, म्हणजे सोनियाचा, वाकून नमस्कार. मामींनाही सांगा. गुडघा कसा आहे? तुमच्या मेढा गावचा गारठा त्याला मानवत नाही असं तुम्ही दर वर्षी म्हणता आणि दर वर्षी पहाटे कानटोपीशिवाय फिरायला जाता. आम्ही सगळे ठीक. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला दुरुस्त करता आणि मग सांगायचं ते राहूनच जातं. (या पत्रातल्या चुकांवरही तुम्ही लाल पेनानं खुणा करणार. करा.)

तर मामा, मी घरात फार मोठा घोळ घालून ठेवला होता. माझे सासरे बिराप्पा, म्हणजे अण्णा, यांनी गाणं बंद केलं, आणि ते माझ्यामुळे. तुम्ही म्हणाल, बरं झालं. थांबा, आधी ऐका.

अण्णांचं इंग्रजी तुम्ही आमच्या लग्नात ऐकलंच आहे. त्यांनी तुम्हाला हार घालून स्वतःच 'मेन्शन नॉट' म्हटलं होतं आणि तुम्ही पंगत उठेपर्यंत त्यावरच बोलत होता. गिऱ्हाईक आलं की एडक्याचं शिंग धरून ते 'हॉर्न ओके प्लीज' म्हणतात (एवढे ट्रकवाले लिहितात म्हणजे शिंगाची तारीफच असणार), आणि बाजारात कुणाला ढकलून पुढं गेले की दहा पावलांवरून मागं वळून सावकाश 'एक्स्क्यूज मी' म्हणतात. पण खरी गंमत त्यांच्या गाण्यात. पंचवीस वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन खंडाळ्याकडं गेले असताना एका इंग्रजी शाळेच्या कुंपणालगत त्यांचा महिनाभर मुक्काम पडला. पलीकडं पोरं रोज सकाळी गाणं म्हणायची, अलीकडं अण्णा ते पाठ करायचे. गाणं तेच, तुम्ही आम्हाला शाळेत शिकवलेलं: 'कम अलाँग, माय मेरी लॅड्स, द मॉर्निंग सन इज हाय.' चला पोरांनो, सूर्य वर आला. कुंपण ओलांडून अण्णांपर्यंत पोचेतो त्याचं झालं, 'कमळा, माय मेली लाडांची, दमानं निंग, सण हाय!'

आता लाड आडनावाच्या कुणाची आई गेलेली असताना सण कसला, आणि अशा वेळी कमळा निघाली कुठं, याचा मी लग्नानंतर आठ दिवस विचार करत होते. सासूबाई पंचवीस वर्षं करताहेत, पण त्यांचा प्रश्न एवढाच, की ही कमळा कोण? ('इंग्लिश हाय ती,' असं अण्णा सांगतात. त्यानं सासूबाईंचा संशय वाढतोच.) मेंढरांना मात्र कसलीच शंका नव्हती. रोज सकाळी अण्णा वाड्याचं फाटक उघडून गाणं सुरू करत आणि ऐंशीच्या ऐंशी मेंढरं माना खाली घालून त्यांच्यामागं माळाला जात.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळीच, मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिका संयोगिता मॅडम घरी आल्या. मॅडम कॉन्व्हेंटच्या, पोहेसुद्धा इंग्रजीत खातात. नेमकी तेव्हाच बाहेर कमळा सुरू झाली. मॅडमचा चमचा हवेत थांबला, आणि मामा, माझ्या अंगात तुम्ही संचारलात. मी पदर खोचून बाहेर गेले आणि सासऱ्यांना, मॅडमच्या देखत, मेंढरांच्या देखत, एकेक शब्द तीनदा म्हणायला लावला. त्यांनी म्हटला. तांबडा पटका काढून हातात धरून, पहिलीतल्या पोरासारखे उभे राहून म्हटला. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

सोमवारी अण्णांनी शुद्ध इंग्रजीत गाणं म्हटलं. एकाही मेंढीनं कान हलवला नाही. एडका तर खाली बसला. मंगळवारी ते नुसतं 'हुर्रर्र' म्हणाले, तेही पडक्या आवाजात, आणि निम्मा कळप माळाला गेला, निम्मा शेजारच्या अंबूबाईंच्या डाळिंबात. (अंबूबाई जे बोलल्या त्यात चुकलेला शब्द एकही नव्हता, पण पत्रात लिहिण्यासारखाही नव्हता.) घरात तर अण्णा माझ्यासमोर इंग्रजी शब्दच टाळू लागले. ग्लासला भांडं म्हणायचे, लाईट गेली तर नुसतं वर बोट दाखवायचे. आठव्या दिवशी माझ्या नवऱ्याला, विश्वजितला म्हणाले, "टेम्पो सांग रं. मेंढरं बाजारात घालू. सुनंला लाज वाटती आमची." मी चुलीपाशीच होते. मामा, मी रडले हो. भाकरी करपली, ती अण्णांनी गुमान खाल्ली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

टेम्पो आला. मेंढरं चढेनात. विश्वजित आणि ड्रायव्हर एकेकीला उचलून आत ठेवत होते आणि ती दुसऱ्या बाजूनं उतरत होती. अण्णा लांब, पाठ करून उभे. मला काही सुचेना. मी अनवाणी धावत गेले, टेम्पोपुढं उभी राहिले आणि भसाड्या आवाजात सुरू केलं, "कमळा, सासू मेली लाडांची..." घाबरून मायची सासू झाली. (सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्या अजून माझ्याशी बेतानंच बोलतात.) मेंढरं बुजून मागं सरली, ड्रायव्हर केबिनमध्ये जाऊन बसला. मी थांबले नाही. 'सण निंग, दमानं हाय' असलं काहीतरी म्हणत पुन्हा सुरुवात केली. अण्णांनी तरी किती सोसावं? गर्रकन वळून ओरडले, "आगं ए मास्तरीनबाई, काय लावलंयस! सासू न्हाई, माय! माय मेली! आन् निंग म्हनल्यावर दम खा जरा. म्हन परत!" मी म्हटलं. "परत!" परत म्हटलं. मग त्यांना राहवेचना. त्यांनी स्वतःच वरच्या पट्टीत उचललं, आणि मेंढरं टेम्पोला वळसा घालून माळाला लागली. अण्णा पुढं, मी मागं, दोघंही बोंबलत. लाडांच्या घरच्या सुतकात एवढा आनंद कुणाला झाला नसेल. टेम्पो रिकामा गेला.

असो. सहज कळवावं म्हणून लिहिलं, काम काही नाही.

तुमची,
सोनिया

ता. क. : मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या आणि त्यांनी त्यांच्या लहानपणीचं छापील पुस्तकच काढून दाखवलं. मामा, ते 'लॅड्स' नाहीच. 'लॅम्ब्स' आहे. पोरांनो नव्हे, कोकरांनो! तुम्ही तीस वर्षं ते भलत्यांनाच शिकवलंत. अण्णा मात्र ज्यांचं आहे त्यांनाच ऐकवत आले.

ता. क. दुसरा : काम एक आहे. शाळेच्या गॅदरिंगला अण्णा माझ्या वर्गाबरोबर स्टेजवर गाणार आहेत. चाळीस पोरांची कमळा तोंडपाठ झाली आहे. अध्यक्ष म्हणून मी तुमचं नाव देऊन टाकलंय, पत्रिकाही छापून आल्या. लाल पेन मेढ्यालाच ठेवा. तुम्ही अध्यक्ष हे अण्णांना सांगितलं तर ते विचारात पडले. म्हणाले, "पावन्यास्नी गानं नीट येतंय का? न्हाईतर आदी हिकडं आन, बसवून घेतो." तेव्हा आदल्या दिवशीच मुक्कामाला या. सकाळी सहाला मेंढरांच्या वाड्यावर तुमचा तास आहे. चुकलात तर अण्णा सांभाळून घेतील. एडक्याचं मी सांगू शकत नाही.