सातव्या कपाटातले बेडूक

३ तारीख, सोमवार
निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी लागली. संग्रहालयाचे तळघर, राहायला तिथलीच लगतची खोली. तक्रारीला जागा नाही. सातव्या कपाटात अरुंद तोंडाच्या बेडकांच्या चारशे बरण्या आहेत. जुन्या लोकांनी तोंड पाहून कुळे पाडली होती. आता रक्ताच्या नात्याने पुन्हा लावायच्या. दक्षिणेचा प्राचीन भूखंड फुटला, बेडूक तुकड्यांवर अडकले, आणि मुंग्या-वाळवी खाता खाता निरनिराळ्या शाखांची तोंडे आपापली अरुंद झाली. तोंड सारखे म्हणून नाते लावू नका, साहेबांनी बजावले. शिपाई म्हणाला, नाहीतर आमच्या सासूबाई या बेडकांच्या सख्ख्या आत्या निघायच्या.

५, बुधवार
बरणीतली चिठ्ठी सुटली की नवी बांधते. दोरा जुनाच, बरणीतल्याच द्रवात भिजलेला. ओवताना टोक ओठांत धरते. शिवणकामाची चाळीस वर्षांची सवय. शिपायाने हटकले, बाई, तोंडात घालू नका. मला शिकवू नकोस, असे सुनावले.

८, शनिवार
ओठ बधिर. कपाची कड लागत नाही. तोंड मोजले: ५१ मिलिमीटर. लेकीला फोन केला. पुढच्या रविवारी न्यायला येते म्हणाली. तेवढे दिवस काढायचे.

११, मंगळवार
३८. डॉक्टर म्हणाले, सूज नाही, जखम नाही. चमचा आत जात नाही, नळीने दूध. वाईट वाटायला हवे. वाटत नाही.

१३, गुरुवार
२२. आज साहेबांनी स्वतः मोजले, वहीत लिहिले. मुंग्या न खाताच झाले, म्हणजे ही शाखाच वेगळी, म्हणाले. खूश दिसले. जाताना बाहेरून कडी घातली. फोनवर लेकीला माझा शब्द कळेना. तिला वाटले, लाइन खराब.

१५, शनिवार
९. साहेबांनी फोन नेला. खिडकीत मुंग्यांची रांग. खाल्ल्या. चव नाही —

१६, रविवार
लेक आली. दाराबाहेर आहे. आई कुठे विचारते. साहेब म्हणाले, त्या परवाच काम सोडून गेल्या.

मी ओरडले. लांब, किरकिरा —

तिने विचारले, जिवंत बेडूकही ठेवता का. साहेब म्हणाले, एकच आहे, वर्गवारी व्हायचीय.

पावले जिन्याकडे — दारावर दोन्ही हात — बोटांना काही लाग