ताईच्या केकचं कौतुक

३ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आठवतं का तुला, आई केकचं भांडं खरवडून ठेवायची आणि ताई ते मांडीवर धरून बसायची, एका बाजूनं तुझं बोट, दुसऱ्या बाजूनं माझं? त्याआधी ती आपली नखं तपासायची, शाळेतल्या सिस्टर तपासायच्या तशी. तुझी नेहमी काळी निघायची. तू नळावर जाऊन येईपर्यंत ती मलाही चाटू द्यायची नाही.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे राहून आले. आत पाऊल टाकताच मांजराच्या मुताचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. ताई हसतमुख, केस चापूनचोपून बसवलेले, ॲप्रन इस्त्रीचा. घर नजरेला लख्ख. पण मैद्याच्या पोत्याचा खालचा कोपरा पिवळा पडून कडक झालाय. तिचं मांजर रोज तिथंच जातं. माझ्यादेखत ताईनं त्यातूनच मैदा काढला, हातानं गाठी फोडल्या, यंदा हवेत ओल फार आहे म्हणाली आणि चाळून परातीत घेतला. लोणी खवट. अक्रोड कडूजहर. मी मागच्या अंगणात जाऊन ओकले आणि तिला सांगितलं की बस लागली.

साखरेच्या दुखण्यामुळे मी तिचा नाताळचा डबा न उघडताच शेजारणीला देते. ती शेजारीण दोन वर्षं माझ्याशी तुटक का वागते, ते आता कळलं. पण तुम्ही तर खाता. तुम्हाला काहीच जाणवलं नाही? आणि यंदा तुझी लेक ज्या मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, तिथं वाटायला ताईचे चार केक जाणार आहेत म्हणे. आजारी लेकरं ती. काय करायचं ते लवकर कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, उत्तर तेवढं धाड.

तुझी,
चिमी

८ डिसेंबर

चि. चिमीस,
अ. आ.

तुझं पत्र जेवता जेवता वाचलं, ती माझीच चूक. तू लिहितेस ते सगळं खरं आहे, फक्त त्यात नवीन काही नाही. दोन नाताळांपूर्वी मी तिच्या केकचा पहिला घास घेतला आणि दातांचा डॉक्टर असून स्वतःचाच ब्रश शोधत धावलो. तेव्हापासून डबा आला की तुझी वहिनी दोन पिशव्यांत गुंडाळून तो थेट कचऱ्यात टाकते. मावसभावानं कुत्र्याला घालून पाहिला. कुत्र्यानं हुंगला आणि पलंगाखाली जाऊन बसला. आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

पण ताईला कशाला सांगायचं? एकटी बाई, वर्षातून एकदा कौतुक होतं तिचं. मी दरवर्षी पानभर लिहितो, मनुका कशा टपोऱ्या, आईच्या हातची चव कशी उतरली. लिहायला काय जातं? वॉर्डाचीही काळजी नको. लेक ते चार केक दारातच उतरवून घेईल, मागच्या मागे फेकेल आणि दुकानातला आणून मुलांना देईल. मुलांचा हसरा फोटो ताईला पाठवला की सगळे खूश. तू उगीच हरिश्चंद्राची नात होऊन ऐन सणात म्हातारीला रडवू नकोस.

साखर सांभाळ. आहे ती माया असू दे.

तुझा,
दादा

११ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

हे पत्र बसून वाच. मला त्या दिवशी बस लागली नव्हती. तुझ्या मैद्यात मांजर मुततं, ताई. लोणी खवट आहे, अक्रोड सडलेत, आणि दारापासून न्हाणीपर्यंत घरभर तो वास आहे. दोन वर्षं तुझा केक कुणीही खाल्लेला नाही. दादाकडे तो कचऱ्यात जातो, मावसभावाकडे कुत्र्यानंही तोंड फिरवलं, आणि तुला मात्र पानभर कौतुक येतं. यंदा वॉर्डातले केक फेकून, दुसराच केक खाणाऱ्या मुलांचा फोटो तुला पाठवायचं ठरलंय.

खरं सांगू, तुझ्या स्वयंपाकघरात मळमळलं नसेल इतकं मला दादाचं पत्र वाचून मळमळलं. आपण ज्या घरात वाढलो, तिथं पानातलं आवडलं नाही तर तोंडावर सांगायची मुभा होती. पत्रात तुझं कौतुक करून मागे नाक दाबायचं, याला ते माया म्हणतात.

माझ्यावर रागाव, बोलणं टाक. पण ते केक कुठेही पाठवू नकोस.

तुझी शिव्या खायला तयार,
चिमी

१९ डिसेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद. धपाटा भेटीत.

दोन दिवस जेवले नाही. आधी तुझाच राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली. आता सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या तापानंतर मला वास येत नाही. गुलाब आणि गटार सारखंच. मीठ कळतं, साखर कळते, बाकी तोंडात भिजलेला पुठ्ठा. परत येईल म्हणून कुणाला बोलले नाही. त्यानंतरचा पहिला केक धाडताना माझाच मला भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येकाला लिहिलं होतं की कसा झालाय ते खरं सांगा. म्हटलं, माझी जीभ गेली तर गेली, भावाची आहे. दादाचं पान आलं आणि मी सुटले. त्याच्याच भरवशावर वॉर्डाचं ठरवलं.

तरी तुझ्या एकटीच्या शब्दावर कशी विसंबू? रविवारी दादाला बोलावलं, मोठी फोड कापून दिली आणि समोर बसले. मला चव कळत नाही, चेहरे कळतात. पहिल्या घासाला त्याचा जबडा थांबला, डोळे भरले, गळ्याची घाटी वर गेली ती खाली येईना. मग म्हणाला की आईची आठवण झाली. मी आणखी एक फोड वाढली. तीही खाल्ली. शेवटी मागच्या नळावर पळाला. मी आतून ऐकत उभी होते आणि मला जरासुद्धा कणव आली नाही. मांजर मुकं जनावर आहे, त्याला मी धुऊन काढीन. याचं काय धुवायचं? त्याची बशी मी दोनदा घासली, तरी हाताला ओशट लागत राहिली.

पोतं जाळलं. केक खड्ड्यात पुरले, एक डबा सोडून. तू सोमवारी ये आणि नाक घेऊन ये. मैदा, लोणी, अक्रोड सगळं आधी तू हुंगायचं. तू नको म्हटलंस की फेकायचं, माझी समजूत काढत बसायचं नाही.

तुझ्या नाकाची वाट पाहणारी,
ताई

ता. क. कुणाला काय ते आत्ताच लिहून ठेवते. नव्यातले चार केक वॉर्डात, आपण दोघींनी स्वतः नेऊन कापायचे. एक तुझ्या शेजारणीला, माझ्या नावानं माफी मागून. वहिनीला काही देऊ नकोस, मावसभावालाही नको, पण त्याच्या कुत्र्याला चांगलंसं हाड ने. राखून ठेवलेला जुना डबा रिबीन बांधून दादाला. त्याला तो फार आवडतो.