अ‍ॅल्युमिनियमचा तिसरा हात

मी, गोदावरी गंगाधर देगावकर, वय ७६, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार जुळे सोलापूर, कोणाच्याही दबावाखाली न येता ही अखेरची इच्छा लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. फेरस आणि फेरिक क्लोराईडची सूत्रे आजही न अडखळता लिहिते. डॉक्टरांनी खुशाल तपासावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी एकुलती एक मुलगी उर्वी हिला मिळावी.

२. हुक लावलेल्या लाकडी गोट्यांची पेटी. सोडियमला एक हुक, ऑक्सिजनला दोन, अ‍ॅल्युमिनियमला तीन. हुकात हुक अडकवायचा. एकही मोकळा राहिला नाही, की संयुगाचे सूत्र तयार. सुताराकडे खेटे घालून मी त्या करवून घेतल्या. त्याच वर्षी आमच्या शाळेत दानम्मा हत्तुरे शिक्षिका म्हणून आली आणि गोट्यांऐवजी तिने पोरेच मैदानात उभी केली. हातात हात धरा, झाले सूत्र! अ‍ॅल्युमिनियमला तिसरा हात हवा, तर म्हणे पाय पुढे करा. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड करताना पाचही पोरे एकमेकांवर कोसळली. त्यात माझी उर्वी होती.

मी जाब विचारला, तर बाई हसतात! "अक्का, पडली म्हणून काय झालं? आता जल्मात इसरायची न्हाईत की!"

नाहीच विसरली. घरी मी पेटी उघडली, तर उर्वीने पाय पुढे केला. आज ती पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि स्वतःच्या सत्कारात नाव घेते ते दानम्माबाईंचे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. अंगाचा तिळपापड झाला होता, अजूनही होतो.

पेटी उर्वीने घ्यावी. दानम्माने बघायला मागितली तरी देऊ नये.

३. चादरी व भांडी घरकाम करणाऱ्या अक्कम्माला द्यावीत. तिने मला कधी कोणाशी तोलले नाही.

४. माझ्या शोकसभेत दानम्मा बोलेल आणि लोक रडतील. तिला ते जमतेच. बोलू द्यावे. मात्र उर्वीने त्या दिवशी तिच्याशेजारी बसू नये. तेवढा एक दिवस तरी ती फक्त माझी मुलगी असावी.

साक्षीला मुद्दाम दानम्मालाच बोलावले आहे. सगळे वाचल्याशिवाय सही करायची नाही, असे तिला बजावले आहे.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : ११ ऑगस्ट २०२४

(सही) गोदावरी गं. देगावकर

साक्षीदार :
१. (सही) डॉ. सुबोध माढेकर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत.
२. (सही) दानम्मा वीरभद्रप्पा हत्तुरे. वाचलं, अक्का. मी मागच्या रांगेत बसते की.