रेकॉर्डवरचा तुमचा कोरस

दादा, आज तुमच्यावर चिडलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी बापावर चिडता येतं, हे एक बरंय. सकाळपासून एका जागी बसवत नाही. ती रेकॉर्ड दोनदा लावली आणि दोन्ही वेळा मध्येच बंद केली.

चिंचवडच्या त्या गोदामात आम्ही चौघं मित्र आमची रॉक गाण्यांची एल.पी. रेकॉर्ड करत होतो. भिंतींना गोणपाट ठोकलेलं, खिडक्या बंद, पंखासुद्धा बंद, कारण त्याची घरघर टेपवर यायची. आजूबाजूच्या वर्कशॉपांना गुरुवारी सुट्टी, म्हणून आमचं काम गुरुवारीच. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, एकदम गायचं, कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तो शेवटचा गुरुवार होता. टेपचं मशीन दुसऱ्या दिवशी मुंबईला परत जाणार होतं. राहिलेल्या गाण्याला कोरस हवा होता आणि आमचे आवाज किरकिरे. तुम्ही जन्मभर वस्तीतल्या गायन पार्टीत कोरस दिलेला, जयंतीच्या कार्यक्रमांत रात्ररात्र उभं राहून. म्हणून तुम्हाला आणि तुमच्या दोन सोबत्यांना बोलावलं. रात्रपाळी करून तुम्ही कंपनीच्या खाकी कपड्यांतच आलात.

इलेक्ट्रिक गिटारला तुम्ही बिचकाल असं मला वाटलं होतं. कसचं काय. पण ओळ उचलायची वेळ आली की तुम्ही माइककडे पाठ करून माझ्याकडे वळायचात, आणि तुमचं बघून ते दोघेही. टेपवर कोरस विहिरीतून आल्यासारखा यायचा. रेकॉर्डिंगवाला काचेमागून हात जोडायचा, तुम्ही मान डोलवायचात, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. माझा जीव टांगणीला लागला होता. दादा, समोर बघा ना, म्हणून मी सगळ्यांदेखत खेकसलो.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "गानाऱ्याकडं पाठ करून कोरस देत न्हाईत. त्याचं त्वांड बघितल्याबिगर वळ उचलायची कशी?"

दुपार कलली होती. मी माझा माइक सोडला आणि तुमच्या माइकच्या पलीकडे, तुमच्यासमोर येऊन उभा राहिलो. आता माझ्याकडे बघितलं की तुमचं तोंड आपोआप माइककडे. गाणं एका दमात झालं. अजून दिसतं: मी ओळ टाकतोय, तुम्ही डोळे बारीक करून ती माझ्या ओठांवरून उचलताय. घरात आपण एकमेकांकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

रेकॉर्ड आली, तर माइक सोडलेला मी त्या गाण्यात जवळजवळ नाहीच. तुम्ही मात्र खणखणीत. ज्याला त्याला नेमकं तेच गाणं आवडलं. गायक तू की तुझा बाप, म्हणून मित्र चिडवायचे. मला गायक व्हायचं होतं दादा, आणि माझ्या एकुलत्या एका रेकॉर्डवर लोक तुम्हाला ऐकत होते. तुम्ही शेजाऱ्यांकडे ती ऐकलीत आणि घरी येऊन म्हणालात, "तुजा आवाज लई बारीक आलाय. नीट जेवत जा." मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोललो नाही.

काल नात आली होती. आजोबांची रेकॉर्ड आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून हट्टाने लावायला लावली. "आजोबा, यातला तुमचा आवाज कुठला?" असं तिने मला विचारलं. तेवढ्यात कोरस आला.

"हा," मी म्हटलं.

भारी आहे की आजोबा, असं म्हणून तिने ते गाणं पुन्हा लावलं. आज तिला फोन करून खरं सांगणार होतो. नंबर लावला आणि ठेवून दिला. हे पत्र काही तुमच्यापर्यंत यायचं नाही, म्हणूनच मागायची हिंमत होतेय. तेवढं एक गाणं तिच्यापुरतं माझ्या नावावर राहू द्या.