कोंबड्यामागचा क्रमांक

सोलापूर,
ता. ९ डिसेंबर १९७५

चि. सौ. दानम्मा हिला थोरल्या भावाचे आशीर्वाद. अकलूजला तुम्ही सर्व जण खुशाल असाल, असे धरून पुढे लिहितो.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा कात्रणसंग्रह बाराव्या वहीत गेला आहे. नवी पेठेतल्या रद्दीवाल्याकडे परवा चाळीस वर्षांपूर्वीचे एक मासिक मिळाले. त्यातल्या केशतेलाच्या जाहिरातीनुसार केस वाढतात, डोके शांत राहते आणि उरलेल्या तेलाने दाराच्या बिजागऱ्या कुरकुरत नाहीत. यांपैकी तिसरा दावा कोणत्याही तेलाला लागू पडतो, हे मी आपल्या दारावर पडताळून पाहिले.

आता कसरीविषयी. या चंदेरी कीटकाला कागदापेक्षा कागदाला लावलेली गव्हाच्या पिठाची खळ अधिक प्रिय असते. म्हणून खळ शिजवताना तीत चिमूटभर मोरचूद घालावे. नवव्या वहीच्या वेळी मी ते विसरलो. परिणामी रविवारी वही उघडताच 'अंडे घालणारा कोंबडा' हे कात्रण आपोआप सुटून माझ्या मांडीवर पडले. पालथे.

त्याच्या पाठीवर मॅट्रिकच्या निकालाचे आकडे होते. पाचव्या ओळीत ४१७१७. तुझ्या चंद्रव्वाचा.

तुझी वहिनी शेजारी शेंगा फोडत होती. म्हणाली, "कसरीला कळलं की. तुमाला अडीच वर्षं कळलं न्हाय व्हय?"

त्या जूनमध्ये तू मुलीचा क्रमांक पत्राने कळवलास. मी वर्तमानपत्र पाहून 'क्रमांक नाही' अशी तार केली आणि पोर दोन दिवस जेवली नाही. गुणपत्रिका आली, तर दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण. तू पेढे घेऊन आलीस. मी तुला समोर बसवून, कागदावर काढून समजावले की तुझा एक सातासारखा दिसतो, म्हणून हे घडले.

"अण्णा, माझं अक्षर एवढं वाईट हाय, तर आता पत्रच न्हाय लिहीत," असे म्हणून तू पेढे ठेवलेस आणि गेलीस. शब्दही पाळलास. सिद्धेश्वराच्या दोन यात्रा झाल्या, तू आली नाहीस.

एक गोष्ट राहिली. कोंबडा कापून घेतल्याने निकालाच्या पानाला पडलेली खिडकी मला त्याच दिवशी दिसली होती. आमच्या घरी अखंड वर्तमानपत्र हेच नवल, म्हणून मी तिच्या कडेकडेने शोधले. तू पेढे घेऊन आलीस तेव्हा मात्र कात्रण सोडवून पाहावे, असे मनात आले होते. पण कोंबडा फाटला असता. तुझ्या अक्षराला दोष देणे सोपे होते.

कात्रण सोबत जोडले आहे. क्रमांकाची बाजू वर ठेवली आहे. ते चंद्रव्वाचे. कोंबडा मी परत मागणार नाही.

संक्रांतीच्या यात्रेला दोघी या. येणार असाल तर दोन ओळी लिही. तुझे अक्षर मला लागते. तेव्हाही लागत होते.

तुझा चुकलेला अण्णा,
तिप्पण्णा